पोट बिघडलं, पण कोणामुळे?

जीवाणू, विषाणू आणि विष. तिघांची कामाची पद्धत वेगळी, वेळ वेगळी आणि इलाजही वेगळा. आपण मात्र तिघांनाही एकच नाव देऊन मोकळे होतो... इन्फेक्शन!

सोमवारी सकाळचे ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज वाचले, की आपल्या पिढीचा सगळ्यात नाजूक अवयव हृदय नसून पोट आहे याची खात्री पटते. ‘स्टमक अपसेट, आज घरूनच काम करतोय.’ खाली लगेच तपास सुरू. कुणी म्हणतं कालची पाणीपुरी, कुणी म्हणतं पॅन्ट्रीतला वॉटर कूलर, कुणी ‘सगळीकडे व्हायरल चालू आहे’ म्हणून विषय संपवतं. आणि एक जण तरी असतोच, जो ड्रॉवरमधून गोळ्यांची स्ट्रिप काढून सांगतो, ‘ही घे, दोन डोसमध्ये खडखडीत!’ डिग्री न घेता प्रॅक्टिस करणारी ही जमात प्रत्येक मजल्यावर सापडते.

मी बीएस्सीला मायक्रोबायॉलॉजी केलं आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींसारखी शेवटी आयटीत आले. त्यामुळे आमच्या मजल्यावरचा हा तपास फिरून फिरून माझ्या डेस्कपाशी येतो. मी दर वेळी एकच प्रश्न विचारते, ‘खाल्लंस किती वाजता आणि सुरू झालं किती वाजता?’ समोरचा काय खाल्लं ते चवीने सांगतो, कुठल्या गाडीवर, कुणाबरोबर, बिल कुणी दिलं, सगळं! वेळ मात्र आठवत नाही. आणि अर्धं उत्तर तर त्या वेळेतच असतं.

तीन संशयित

जीवाणू म्हणजे बॅक्टेरिया. ही एक पेशी असते, पण पूर्ण जिवंत. लांबी एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीत असे पन्नासेक आरामात ओळीने बसतील. त्याला ऊब, ओलावा आणि खाणं मिळालं की तो एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो. काही जाती तर वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्याला आपली गरज नाही. डब्यातला भातही त्याला पुरतो.

विषाणू, म्हणजे व्हायरस, हा धड पेशीही नाही. प्रथिनांच्या पाकिटात गुंडाळलेली सूचनांची चिठ्ठी, एवढाच त्याचा संसार. डब्यातल्या भातावर तो नुसता पडून राहतो, वाढत नाही. आपल्या पेशीत शिरला की मात्र तिथलीच यंत्रणा वापरून स्वतःच्या हजारो झेरॉक्स काढतो.

तिसरं विष. हे जिवंत नाही, वाढत नाही, पसरत नाही. नुसते रेणू. इथे प्रश्न एकच असतो, किती? सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने मांडलेला मुद्दा आजही टॉक्सिकॉलॉजीच्या पहिल्या लेक्चरला शिकवतात: औषध काय आणि विष काय, हे मात्रा ठरवते.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो बरं का! ‘व्हायरस’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच विष. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तंबाखूच्या पानांवरचा रोग बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतूनही आरपार जातो असं दिसलं, तेव्हा बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये त्या अदृश्य कारणाला हाच शब्द लावला. मराठीने इमानदारीने भाषांतर केलं, विषाणू. म्हणून नावात विष असूनही तो विष नाही, आणि खरं विष मात्र नावगाव न सांगता ताटात येतं.

शेवटच्या घासावर आळ

आता वेळेचा फंडा. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत जोरदार उलट्या सुरू झाल्या, तर बहुतेक वेळा काम आधीच तयार असलेल्या विषाचं असतं. बॅक्टेरियांनी ते अन्नात बनवून ठेवलेलं असतं, तुम्ही फक्त गिळलंत. साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी सुरू झालं, तर नोरोव्हायरससारख्या विषाणूवर संशय जातो, कारण झेरॉक्स काढायला तेवढा वेळ लागतो. आणि दोन ते पाच दिवसांनी जुलाब आणि ताप आला, तर कॅम्पिलोबॅक्टरसारखा जीवाणू आतड्यात मुक्काम ठोकून बसलेला असू शकतो. हे काही लॅबचं निदान नव्हे, अपवाद भरपूर. पण एक गोष्ट यातून नक्की कळते. आपण नेहमी शेवटच्या घासावर आळ घेतो. रविवारी रात्रीच्या पाणीपुरीवाल्याला शिव्या बसतात आणि गुरुवारी ट्रेकला प्यायलेलं ओढ्याचं पाणी नामानिराळं राहतं!

पहिल्या प्रकाराचं सगळ्यात घरगुती उदाहरण म्हणजे भात. बॅसिलस सेरियस नावाचा जीवाणू मातीतून तांदळावर येतो. तांदूळ शिजताना बाकीचे मरतात, पण याचे बीजाणू कवच घालून टिकतात. मग कुकरमधला भात ओट्यावर तसाच राहिला, की कवच टाकून हे महाशय कामाला लागतात आणि सेर्युलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकतं! तुमचा मायक्रोवेव्ह दोन मिनिटांत बॅक्टेरिया मारेलही, पण त्यांनी बनवलेलं विष जसंच्या तसं राहतं. ‘कडकडीत गरम केलंय ना, मग काय होतंय’ हा आपला राष्ट्रीय सिद्धांत इथे सपशेल आपटतो.

लगेच फोडणीच्या भातावर बहिष्कार घालायची गरज नाही. माझं अर्धं बालपण फोडणीच्या भातावर गेलंय. घरचा वाटीभर उरलेला भात लवकर निवतो आणि कोमट अवस्थेत फार काळ राहत नाही. खरी भीती मोठ्या पातेल्याची. पार्टीसाठी दुपारीच शिजवून झाकून ठेवलेला दहा किलो भात मध्यभागी रात्रीपर्यंत कोमट असतो. चायनीजच्या गाडीवरही तेच, सकाळी उकडून ठेवलेला भात रात्री मोठ्या आचेवर फक्त परतला जातो. उरलेला भात पसरट ताटलीत निववून तास-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला, तर सकाळी त्याला खुशाल फोडणी द्या.

बुरशीचीही हीच तऱ्हा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतल्यावर सापडली त्यांच्या खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्यातल्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. भाजल्याने ते थोडं कमी होतं, जात नाही. ते जास्त काळ थोडं थोडं पोटात जात राहिलं तर यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यामुळे कूट करताना काळपट, आक्रसलेला, कडवट दाणा दिसला तर ‘भाजून घेऊ’ म्हणू नका, फेकून द्या.

सिंहगड रोडवरचा तो जानेवारी

इथपर्यंत सगळं एक-दोन सुट्ट्यांवर भागण्यासारखं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याला कळलं, की पोट बिघडण्याची गोष्ट पोटापाशीच थांबेल असं नाही.

आमच्या टीममधला एक मुलगा नांदेडला राहायचा. मराठवाड्यातलं नव्हे, सिंहगड रोडवरचं नांदेड. त्याला जुलाब झाले, तीन दिवसांत थांबलेही. दहा-बारा दिवसांनी पायाला मुंग्या येतात म्हणाला. आम्ही म्हटलं, खुर्चीवर मांडी घालून बसतोस, दुसरं काय होणार! दुसऱ्या दिवशी त्याला पार्किंगमधून पहिल्या मजल्यापर्यंत जिना चढता येईना. रात्री तो आयसीयूत होता.

गिलेन बारे सिंड्रोम, जीबीएस. एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. त्या दोन महिन्यांत पुणे परिसरात संशयित आणि निश्चित मिळून दोनशेहून जास्त रुग्णांची नोंद झाली, दहाहून अधिक जण दगावले. मोठा भाग सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यातला. एनआयव्हीने, म्हणजे पाषाणच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, शौचाचे नमुने तपासले तेव्हा काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस.

आता यातली मेख बघा. नसांवर हल्ला जीवाणू करत नाही. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाहेरच्या आवरणावर काही साखरेचे रेणू असतात आणि नेमके तसेच दिसणारे रेणू आपल्या नसांच्या आवरणावर असतात. आपली प्रतिकारशक्ती जीवाणूविरुद्ध अँटिबॉडी बनवते आणि जीवाणू संपल्यावर त्याच अँटिबॉडी आपल्याच नसांवर तुटून पडतात. म्हणून त्रास सुरू होतो तो जुलाब थांबल्यावर, एक ते तीन आठवड्यांनी. पायांपासून अशक्तपणा वर चढत जातो, छातीच्या स्नायूंपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारातल्या एकालाच हे होतं. पण एका वस्तीतल्या हजारो लोकांच्या पोटात एकदम तेच पाणी गेलं, की ‘हजारात एक’चा अर्थ बदलतो.

आमचा मुलगा वाचला. त्याला इम्युनोग्लोब्युलिनच्या कुप्या दिल्या गेल्या. एकेक कुपी हजारो रुपयांची, आणि अशा कितीतरी लागतात. साडेचार महिन्यांनी तो काठी घेऊन ऑफिसला आला. त्याच्या आईने मला विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो, ‘अगं, पण जुलाब तर थांबले होते ना त्याचे?’

थांबले होते, काकू. म्हणूनच कुणी लक्ष दिलं नाही. जुलाबानंतर तीन-चार आठवड्यांत पायात अशक्तपणा, मुंग्या, चालताना तोल जाणं, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणं, गिळायला त्रास, यातलं काहीही झालं तर ‘बी-ट्वेल्व्ह कमी असेल’ असं स्वतःच ठरवू नका. थेट हॉस्पिटल गाठा, त्याच दिवशी. लवकर सुरू झालेल्या उपचाराने इथे खरोखर फरक पडतो.

कॅम्पिलोबॅक्टरला मारणं मात्र अजिबात अवघड नाही. कोंबडीसारख्या पक्ष्यांच्या पोटात मजेत राहणारा हा जीवाणू पाणी उकळलं की मरतो, चिकन नीट शिजलं की मरतो, साध्या क्लोरीननेही मरतो. भारतीय मानकाप्रमाणे नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, टॉवर तर त्याआधीच आले होते. खडकवासल्याचं धरण इतकं जवळ, की गच्चीवरून पाणी दिसावं. पण शुद्धीकरण केंद्रातून आलेलं पाणी प्रत्येक घरी पोचत नव्हतं. कुठे विहीर, कुठे टँकर, कुठे गल्लीतला खासगी आरओ प्लान्ट. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण पुण्यात अशीही खरी होते. ईएमआय भरताना आपण कार्पेट एरिया, क्लब हाऊस, जिम सगळं विचारतो. ‘टाकीत पाणी नेमकं कुठून येतं?’ हे किती जण विचारतात?

सॅनिटायझरची मर्यादा

२०२० ने आपल्या प्रत्येकाच्या बॅगेत सॅनिटायझरची बाटली टाकली ती अजून आहे. डबा खाण्याआधी दोन थेंब चोळले की हात स्वच्छ! कोरोनासाठी ते बरोबरच होतं. त्या विषाणूभोवती तेलकट आवरण असतं आणि अल्कोहोल ते फोडतं. नोरोव्हायरसला असं आवरणच नाही. फोडणार काय? त्यामुळे अल्कोहोलला तो फारशी दाद देत नाही. उलट अठरा-वीस कण पोटात गेले तरी आजारी पाडू शकतो आणि दाराच्या हँडलवर, लिफ्टच्या बटणावर दिवसेंदिवस टिकतो. एका ऑफसाइटहून अर्धी टीम उलट्या करत परतते तेव्हा बहुतेकदा हाच पाहुणा असतो. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉर्वॉक गावच्या एका शाळेत अशीच साथ आली होती, त्या गावावरून याचं नाव पडलं.

यावर उपाय साबण आणि वाहतं पाणी. साबण त्याला मारतो म्हणून नव्हे, तर चोळून चोळून हातावरून सोडवतो आणि पाणी गटारात घेऊन जातं. आणि उलट्या थांबल्यावर निदान दोन दिवस घरीच थांबा. बरं वाटायला लागल्यावरही माणूस हा विषाणू पसरवत असतो. ‘मी एकदम फिट आहे’ म्हणत दुसऱ्याच दिवशी येऊन पॅन्ट्रीतला केक कापणारा उत्साही कलिग म्हणजे साथीचा आधारस्तंभ.

ड्रॉवरमधली ती स्ट्रिप

आता त्या गोळीकडे वळू. बहुतेक वेळा ती नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोलची जोडगोळी असते. अँटिबायोटिक जीवाणूच्या भिंतीवर किंवा त्याच्या यंत्रणेवर घाव घालतं. विषाणूला ना भिंत, ना यंत्रणा. विषावर तर अँटिबायोटिकचा संबंधच नाही. म्हणजे तिघांपैकी दोघांवर गोळी शून्य कामाची. उरला जीवाणू. त्यातही कॅम्पिलोबॅक्टर आता नॉरफ्लॉक्सासिनच्या घराण्यातल्या औषधांना बऱ्याच ठिकाणी जुमानत नाही, आणि साधे जुलाब तसेही गोळीशिवाय थांबतात. मग गोळी घेऊन बरं वाटलं ते कसं? न घेताही तिसऱ्या दिवशी वाटलंच असतं!

दरम्यान पोटातल्या निरुपद्रवी जीवाणूंची कत्तल होते आणि वाचतात ते औषधाला सरावलेले. २०१६ पासून सरकार सांगतंय, की पाकिटावर उभी लाल रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. ड्रॉवरमधली स्ट्रिप उलटी करून बघा, रेघ दिसेल. जुलाबात रक्त असेल, ताप चढत असेल, तर डॉक्टरांकडे जा. तेव्हा कदाचित खरोखर अँटिबायोटिक लागेल, पण कुठलं ते त्यांना ठरवू द्या.

जंतू टळले, विष भेटलं

‘आमच्याकडे पाणी उकळूनच पितात’ हे आपण अभिमानाने सांगतो, आणि जंतूंपुरता तो अभिमान रास्त आहे. पण एका उपायाने सगळं साधतं असं मानलं की काय होतं, याचा सगळ्यात मोठा धडा बंगालने दिला.

बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये लोक तळ्यांचं पाणी प्यायचे. कॉलरा, जुलाब, मुलांचे मृत्यू. म्हणून १९७० च्या दशकात जमिनीखालचं स्वच्छ पाणी देण्यासाठी हातपंपांच्या कूपनलिका लाखोंनी खोदल्या गेल्या. हेतू उत्तम होता. पाण्यात जंतू नव्हते, ते नितळ होतं, चवीला गोड होतं. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांच्याकडे तळहात-तळपायांवर खडबडीत चट्टे आलेले खेड्यातले रुग्ण येऊ लागले. कारण निघालं आर्सेनिक. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळातलं हे विष कूपनलिकांमधून वर्षानुवर्षं पोटात जात होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २००० साली आलेल्या लेखात एकट्या बांगलादेशात साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज होता. आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. डोळ्याला, जिभेला, नाकाला काही कळत नाही. आणि पाणी उकळलं तर? पाण्याची वाफ होते, आर्सेनिक खालीच राहतं. म्हणजे आटलेलं पाणी थोडं जास्तच विषारी!

आपल्याकडे आर्सेनिकचा प्रश्न बंगालइतका मोठा नाही, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या बऱ्याच विहिरी-बोअरवेलमध्ये नायट्रेट आहे, मुख्यतः खतं आणि सांडपाण्यातून झिरपलेलं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तेही उकळून जात नाही. लहान बाळाची दुधाची बाटली अशा पाण्यात तयार केली तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं.

घरातल्या प्युरिफायरचंही असंच. यूव्हीचा दिवा जीवाणू आणि विषाणू निकामी करतो, पण विरघळलेल्या विषाला हात लावत नाही. आरओ विरघळलेले क्षार आणि आर्सेनिक-नायट्रेटही बरंच कमी करतो, पण बदल्यात बादल्या भरून पाणी वाया घालवतो, आणि शहरातल्या शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्याला त्याची सहसा गरजच नसते. सेल्समन टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो ना, तो आकडा फक्त विरघळलेल्या क्षारांचा असतो. जंतूंबद्दल तो अवाक्षरही काढत नाही. त्याला सांगा, ‘दादा, आधी माझ्या पाण्याचा लॅब रिपोर्ट काढू, मशीन मग ठरवू.’ सोसायटीच्या बोअरवेलचा नमुना जंतूंसाठी आणि रसायनांसाठी वेगवेगळा तपासावा लागतो. एजीएममध्ये पार्किंगवरून भांडून झालं की हाही विषय काढा.

तिघांवरही चालणारी गोष्ट

शेवटी, उलट्या-जुलाब झालेल्या त्या कलिगला सोमवारी सकाळी काय सांगायचं? कारण कोणतंही असो, प्रौढ माणसाला पहिल्या दिवशी लोळवतं ते मुख्यतः शरीरातून गेलेलं पाणी आणि मीठ. आणि त्यावरचा उपाय ओआरएस.

आतड्यात ग्लुकोज आणि मीठ हातात हात घालून आत शिरतात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. आजारी आतड्यातही ही वाट बहुतेक वेळा चालू असते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर.

फक्त पाकीट बघून घ्या. बाजारात ओआरएसच्या नावाने गोडमिट्ट सरबतं भरपूर विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. साखर जास्त झाली की ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. औषधाच्या दुकानातल्या पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो. एका लिटरला २०.५ ग्रॅम पावडर, त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम. पूर्ण पाकीट, मोजून एक लिटर, उकळून निववलेल्या पाण्यात. ग्लासात अंदाजे चिमटी टाकून नाही. घोटघोट प्या, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.